हाय-फायचं कोणतं मासिक लावावं?

स्पीकर घेण्याआधी 'व्हॉट हाय-फाय' लावू की 'स्टिरिओफाइल', असं तुम्ही विचारलंय. माझं मत 'स्टिरिओफाइल'ला. १९६२ पासूनचं हे अमेरिकन मासिक. त्यात 'आवाज गोड आहे' म्हणून थांबत नाहीत, मोजमापांचे आलेखही छापतात. 'व्हॉट हाय-फाय' परीक्षणात गुण म्हणून देतं ते तारे बाजारात काय काय आहे हे कळायला चांगले, पण स्पीकर आणि अँप्लिफायरची जोडी जुळवताना ते अपुरे पडतात.

स्पीकरच्या परीक्षणात आधी इम्पीडन्सचा, म्हणजे स्पीकर विजेला करतो त्या अडथळ्याचा आलेख बघा; तो ओहममध्ये मोजतात. खोक्यावर ८ ओहम छापलेलं असतं, आणि आलेखात बऱ्याचदा रेघ खालच्या स्वरांत ३-४ ओहमपर्यंत उतरलेली दिसते. तिथे स्पीकर जास्त वीज ओढतो आणि छोट्या अँप्लिफायरची दमछाक होते. सांगलीत गावभागातल्या घरी मी हे भोगलंय. नुसता वॉटचा आकडा बघून स्पीकर आणले. डग्गा घुमला की आवाज फाटायचा. अख्खी दिवाळी त्यात गेली, फार वाईट वाटलं होतं.

अजून एक. परीक्षकाची खोली कशी आहे हेही वाचा. तिथे बहुतेकदा गालिचा, पुस्तकांची कपाटं असतात. आपल्याकडे उघडी फरशी आणि मोकळ्या भिंती, त्यामुळे वरचे स्वर जास्त टोचतात. जाड सतरंजी अंथरून ऐका, मगच स्पीकरबद्दल ठरवा.

वर्गणी लगेच भरू नका. 'स्टिरिओफाइल'ची जुनी परीक्षणं त्यांच्या साइटवर फुकट आहेत.