आईच्या खुब्याच्या कृत्रिम सांध्याजवळ फ्रॅक्चर : प्लेट की सांधाच बदलायचा?

मंडळी, जरा घाईत विचारतेय. आई ७६ वर्षांची. नऊ वर्षांपूर्वी उजव्या खुब्याचा सांधा बदललाय. परवा पहाटे देवघराच्या उंबऱ्याला पाय अडकून पडली आणि मांडीचं हाड नेमकं आतल्या स्टेमभोवतीच (कृत्रिम सांध्याचा हाडात बसवलेला दांडा) मोडलं.

पहिले डॉक्टर म्हणाले, व्हँकुव्हर बी-१ (अशा फ्रॅक्चरच्या वर्गीकरणातला एक प्रकार) आहे, म्हणजे स्टेम घट्ट आहे, प्लेट आणि केबल बांधून भागेल. दुसऱ्यांनी तोच एक्स-रे खिडकीशी धरून बी-२ सांगितलं. म्हणजे हाड बरं आहे पण स्टेम सैल झालाय, तो काढून लांब स्टेम घालावा लागेल. सैल स्टेमवर नुसती प्लेट लावली तर ती टिकत नाही म्हणे. हे मला पटतं, पण या वयात एवढं मोठं ऑपरेशन? पडायच्या आधी दोन-तीन महिने मांडी दुखतेय म्हणायची, आम्ही वयावर ढकललं. आता तेच खटकतंय.

स्टेम सैल आहे का हे सीटी स्कॅनवर कळतं, की टेबलावर उघडल्यावरच? जुने एक्स-रे माळ्यावरून काढलेत, पण इम्प्लांटचे स्टिकर असलेला कागद सापडत नाही. जुन्या हॉस्पिटलातून तो मिळवता येतो का? आणि रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, त्यामुळे कुणाचं ऑपरेशन लांबलं होतं का?

घरात कुणी यातून गेलं असेल तर कृपया सांगा. पुण्यात किंवा कोल्हापुरात अशा रिव्हिजन (आधी बसवलेला सांधा पुन्हा बदलायची ऑपरेशनं) नेहमी करणारे कुणी माहीत असतील तर मेसेज करा.