उपग्रहांची पृथ्वीवरील नजर खरोखर अखंड असते का?

कुतूहल (प्रश्न):
उपग्रह पृथ्वीवर चोवीस तास लक्ष ठेवून असतात, असे विधान दूरसंवेदनाविषयीच्या लेखांत वारंवार वाचायला मिळते. एका जलाशयाचा विस्तार वर्षानुवर्षे कसा बदलत गेला हे पाहण्यासाठी मी लँडसॅट आणि सेंटिनेल-२ यांच्या मोफत प्रतिमा चाळू लागलो, तेव्हा मात्र हव्या त्या तारखेची प्रतिमा बहुधा नसतेच आणि असली तरी ती ढगांनी झाकलेली असते, असा अनुभव आला. इतके उपग्रह फिरत असताना ही उणीव का राहते? आणि नोंदींत एवढ्या फटी असतील, तर त्यांवरून काढलेले दीर्घकालीन निष्कर्ष कितपत विश्वासार्ह मानावेत?

नभोवेध:
एकाच जागेकडे सतत पाहणारे उपग्रह आहेत, परंतु ते विषुववृत्ताच्या वर सुमारे ३५,७८६ किमी उंचीवरच्या भूस्थिर कक्षेत असतात. जपानचा हिमावारी दर १० मिनिटांनी पृथ्वीच्या त्याला दिसणाऱ्या संपूर्ण बाजूची प्रतिमा घेतो. मात्र त्याचा एक पिक्सेल अर्धा ते दोन किमीचा असतो, त्यामुळे चक्रीवादळासाठी तो उत्तम असला तरी तुमचा जलाशय त्यात जेमतेम काही ठिपक्यांत मावेल.

बारकावे हवे असतील तर खाली यावे लागते, आणि खाली आलेला उपग्रह एका जागी थांबू शकत नाही. लँडसॅट ७०५ किमी उंचीवरून १८५ किमी रुंदीचा पट्टा ३० मीटरच्या बारकाव्याने टिपतो आणि त्याच जागेवर १६ दिवसांनी परततो; लँडसॅट ८ आणि ९ यांच्या फेऱ्या एकमेकांच्या मधोमध बसवल्यामुळे हे अंतर ८ दिवसांवर आले आहे. सेंटिनेल-२ च्या जोडीचा पट्टा २९० किमीचा असल्याने विषुववृत्तावर ती ५ दिवसांनी परतते. याउलट मोडिस हा संवेदक २,३३० किमी रुंद पट्टा पाहतो, म्हणून जवळजवळ सारी पृथ्वी रोज टिपतो, पण त्याचा सर्वांत बारीक पिक्सेलही २५० मीटरचा आहे. रुंदी, बारकावा आणि वारंवारता हे तिन्ही एकाच उपग्रहाकडून मिळत नाही.

शिवाय लँडसॅट आणि सेंटिनेल-२ सूर्यसमकालिक कक्षेत असल्यामुळे कोणत्याही ठिकाणावरून ते सकाळी साधारण दहा-साडेदहालाच जातात. त्यामुळे दोन तारखांच्या प्रतिमा तुलनेस योग्य ठरतात, पण त्याच जागेवर दुपारी काय घडले हे त्यांना कधीच दिसत नाही. तेव्हा या उपग्रहांच्या बाबतीत 'चोवीस तास' ही जाहिरातीची भाषा समजावी.

सूक्ष्मलहरी:
वरील उत्तरात रडार राहून गेले, आणि ढगांच्या तक्रारीवरचा खरा उपाय तोच आहे. सेंटिनेल-१ स्वतःच सुमारे साडेपाच सेंटिमीटर लांबीच्या लहरी पाठवून त्यांचा प्रतिध्वनी नोंदवतो, म्हणून त्याला ढग आणि अंधार यांचा अडथळा होत नाही. शांत पाणी या लहरी आरशासारख्या दुसरीकडे परावर्तित करते, त्यामुळे ते प्रतिमेत काळे दिसते आणि काठ स्पष्ट ओळखता येतो. वाऱ्याने पृष्ठभागावर लाटा उठल्या किंवा पाण्यावर वनस्पती पसरली की ही खूण फसते, आणि उंच डोंगरांच्या कुशीतील पाणी कधी कधी रडारच्या सावलीत, म्हणजे लहरी न पोहोचणाऱ्या भागात, जाते. एवढे भान ठेवावे. डिसेंबर २०२१ मध्ये जोडीतील दुसरा उपग्रह सेंटिनेल-१बी बंद पडल्यावर सहा दिवसांची फेरी बारा दिवसांवर गेली आणि पुढचा उपग्रह २०२४ च्या डिसेंबरमध्येच प्रक्षेपित होऊ शकला. जुलै २०२५ मध्ये सोडलेला निसार हा भारत-अमेरिकेचा रडार-उपग्रहही बारा दिवसांनी त्याच मार्गावर परततो.

आणखी एक गोष्ट: या प्रतिमांतून पाण्याचे क्षेत्रफळ कळते, साठा नव्हे. साठ्यासाठी पातळी किंवा तळाचा आकार माहीत असावा लागतो.

कुतूहल:
आभार. पण जुना उपग्रह जाऊन नवा येतो, तेव्हा दिसलेला फरक जमिनीवरचा आहे की उपकरणाचा, हे कसे ठरवतात?

अंशांकन:
माझ्या मते तुमच्या मूळ प्रश्नाचा कळीचा भाग हाच आहे. दोन प्रतिमांमधील आठ दिवसांच्या फटीपेक्षा दोन उपग्रहांमधील सांधा अधिक घातक असतो.

समुद्रपातळीचे उदाहरण घ्या. ती वर्षाला तीन-चार मिलिमीटर वाढते. म्हणजे नव्या उपकरणात तेवढीच चूक असली तर तीच समुद्राची वाढ भासेल. म्हणून समुद्रपातळी मोजणाऱ्या १९९२ च्या टोपेक्स/पोसायडनपासून जेसन मालिका आणि २०२० च्या सेंटिनेल-६ पर्यंत प्रत्येक नवा उपग्रह काही महिने जुन्याच्या मागोमाग, मिनिटभराच्या आतबाहेरच्या अंतराने, त्याच मार्गावर फिरवला गेला. दोघे तेच पाणी मोजत असल्यामुळे उरणारा फरक उपकरणाचा ठरतो आणि तो वजा करता येतो. भूजलातील मोठे बदल गुरुत्वाकर्षणावरून मोजणाऱ्या ग्रेस या उपग्रहजोडीच्या बाबतीत हे जमले नाही: जुनी जोडी २०१७ मध्ये थांबली, नवी मे २०१८ मध्ये सोडली गेली, आणि मधल्या काळाची थेट तुलना कायमची गेली.

लँडसॅटची १९७२ पासूनची मालिका टिकली त्यात नियोजनाइतकेच नशीबही होते. १९९३ मध्ये लँडसॅट ६ कक्षेतच पोहोचला नाही. १९८४ मध्ये सोडलेला लँडसॅट ५ मात्र अपेक्षित तीन वर्षांऐवजी २०१३ पर्यंत चालला. लँडसॅट ७ चा एक भाग २००३ मध्ये निकामी झाल्याने त्यानंतरच्या त्याच्या प्रत्येक प्रतिमेतून सुमारे २२ टक्के भाग पट्ट्यापट्ट्यांनी गळला. लँडसॅट ८ चा निकट-अवरक्त (डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाच्या) तरंगलांबींचा पट्टा आधीच्यापेक्षा अरुंद आहे, त्यामुळे जागेवर काहीही न बदलता वनस्पती-निर्देशांक, म्हणजे हिरवाई दर्शवणारा आकडा, थोडा सरकतो. असे फरक स्थिर वाळवंटांवरील मोजमापांवरून आणि एकाच सुमारास घेतलेल्या प्रतिमांवरून दुरुस्त केले जातात.

तुमच्यासाठी व्यावहारिक सूचना अशी की कच्चे आकडे न वापरता पृष्ठभाग-परावर्तनाची (वातावरणाचा परिणाम वजा केलेली) तयार उत्पादने घ्यावीत आणि एकाच ऋतूतील प्रतिमांची तुलना करावी. १९८० आणि ९० च्या दशकांतील प्रतिमा तुमच्या भागात विरळ असतील, कारण लँडसॅट ५ वर माहिती साठवणारी यंत्रणा नव्हती आणि माहिती स्वीकारणाऱ्या जमिनीवरील केंद्राच्या टप्प्यात नसलेल्या प्रदेशांच्या नोंदी बऱ्याचदा झाल्याच नाहीत. आलेखात ती वर्षे रिकामीच सोडा, दोन टोके सरळ रेषेने जोडू नका.