ड्राफ्ट म्हणजे मटका? नाना, जरा बसून बोलू

टचडाउन_तात्या (कोलंबस, ओहायो)

परवाच्या एनएफएल ड्राफ्टच्या धाग्यावर नाना_न्यूजर्सीकर एक पिंक टाकून गेले. (नवख्यांसाठी: एनएफएल म्हणजे अमेरिकन फुटबॉलची लीग. तिचे बत्तीस संघ दर वर्षी सात फेऱ्यांत आळीपाळीने कॉलेजची पोरं निवडतात, तो ड्राफ्ट. निवडीची पाळी म्हणजे पिक, ती संघ आपसांत बदलतातही. पोरं पारखणारे ते स्काउट.) जशीच्या तशी देतो:

«ब्रेडी १९९वा, पर्डी शेवटचा, वॉर्नरला तर कुणी विचारलंही नाही. बत्तीस संघांच्या स्काउटांना घरी बसवा आणि चिठ्ठ्या टाका. निकाल तोच लागेल. ड्राफ्ट म्हणजे निव्वळ मटका.»

(हे तिघेही क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून आक्रमण चालवणारे, आणि ड्राफ्टमध्ये मागे राहूनही गाजलेले.) त्यावर एकवीस जणांनी «+१» केलं, म्हणून हा वेगळा धागा.

नाना, ब्रेडीचं कीर्तन आता पुरे. २००० सालच्या सहाव्या फेरीत त्याच्या पुढेमागे घेतलेल्या चार पोरांची नावं सांगा बघू. नाही येणार. ज्याला मटका लागतो त्याचंच नाव गल्लीत होतं. सहाव्या-सातव्या फेरीतली बहुतेक पोरं दोन-तीन वर्षांत लीगबाहेर असतात, आणि वर्षानुवर्षं खेळणारे, ऑल-प्रो (वर्षाच्या सर्वोत्तम संघात) होणारे जास्त करून वरच्या फेऱ्यांतलेच निघतात. चिठ्ठ्या टाकल्या असत्या तर हा उतार दिसलाच नसता.

मात्र स्काउटांची वकिली करायला मी बसलेलो नाही. माझं म्हणणं असं की हे लोक चुकतात ते वाटेल तसे चुकत नाहीत, दरवेळी एकाच बाजूला चुकतात. मोजता येतं त्याला भाव देतात, बघावं लागतं ते सोडून देतात. ब्रेडीचंच घ्या. कंबाइनला, म्हणजे ड्राफ्टआधीच्या चाचण्यांना, चाळीस यार्ड ५.२८ सेकंदांत धावला आणि वर तो उघड्या अंगाचा फोटो, झालं. पण त्याच वर्षी जानेवारीत ऑरेंज बोल या कॉलेज सामन्यात अलाबामाविरुद्ध दोनदा चौदा गुणांनी मागे पडून त्याचं मिशिगन जिंकलं होतं. ब्रेडीचे ३६९ यार्ड, चार टचडाउन. सामन्याची टेप सगळ्यांकडे होती! पेट्रियट्सनी तरी काय मोठे दिवे लावले? त्यांनीही आधी सहा जण घेतले आणि मग ब्रेडी.

उलट जॉन रॉस, रिसीव्हर, म्हणजे फेकलेला चेंडू झेलणारा. २०१७ ला ४.२२ सेकंद, कंबाइनचा तेव्हाचा विक्रम. बेंगल्सनी नववा पिक खर्च केला. पहिल्या मोसमात कॅच किती? शून्य. डी. के. मेटकाफ या रिसीव्हरचं आणखी गंमतशीर. चाळीस यार्ड ४.३३ मध्ये, पण थ्री-कोन ड्रिल (वळणं घेत पळणं) ब्रेडीपेक्षा हळू. मग सगळे घाबरले आणि तो ६४व्या क्रमांकापर्यंत घसरला. त्याला सरळ पळताना कुणी पकडू शकत नाही हे टेपवर दिसत होतं की.

आणि क्वार्टरबॅक घेताना कॉलेजात किती सामने सुरुवातीपासून खेळलाय ते बघा हो! ट्रुबिस्की १३. ट्रे लान्स १७. अँथनी रिचर्डसन १३. एवढ्यावर फ्रँचायझी हातात देतात.

नाना_न्यूजर्सीकर

तात्या, एवढं टंकलंत, थोडं पाणी प्या. «एकाच बाजूला चुकतात» म्हणे. कॅम न्यूटन ऑबर्नला एकच मोसम खेळला. २०११ ला पहिला पिक, २०१५ ला एमव्हीपी, म्हणजे मोसमाचा सर्वोत्तम खेळाडू. तो तुमच्या तेरा-सतराच्या नियमात कुठे बसवणार?

आणि ज्या लान्सचं नाव घेतलंत त्याचीच गोष्ट पूर्ण करा. फोर्टीनायनर्सनी त्याच्यासाठी पहिल्या फेरीचे तीन पिक मायामीला दिले, वर एक तिसऱ्या फेरीचा. पोरगा चालला नाही. पुढच्याच वर्षी त्याच ऑफिसातल्या त्याच माणसांनी २६२वा, अख्ख्या ड्राफ्टमधला शेवटचा पिक म्हणून पर्डी घेतला, आणि त्याने त्यांना सुपर बोलला, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्याला नेलं. तिसऱ्या क्रमांकावर आंधळे आणि २६२ वर दिव्यदृष्टी? पर्डी काय चीज आहे हे कळलं असतं तर २६१ पोरं जाईपर्यंत थांबले असते का? याला मी मटका म्हणतो. तुम्ही विश्लेषण म्हणा.

क्लीव्हलंडची_वहिनी

नाना, तुम्ही न्यू यॉर्क जेट्सवाले. तुम्हाला मटका वाटणारच, कारण तुमच्याकडे आकडा लागला तरी पैसे बुडतात. सॅम डार्नोल्ड २०१८ चा तुमचा तिसरा पिक. तुमच्याकडे खेळताना «भुतं दिसतायत» म्हणाला होता. २०२४ ला मिनेसोटाला गेला आणि चौदा सामने जिंकून दिले. जीनो स्मिथही तुमच्याकडचाच, सिॲटलला जाऊन शहाणा झाला. पोरं तीच. मग ड्राफ्टच्या आधीचं मूल्यमापन चुकलं की नंतरचं संगोपन?

(आमच्या ब्राउन्सबद्दल कुणी बोलू नये. आमच्याकडून गेलेला बेकर मेफिल्ड टँपात कसा खेळतो ते मी रविवारी दार लावून बघते.)

एक_डेटावाला

दोघेही अर्धवट. केड मॅसी आणि रिचर्ड थेलर (हो, २०१७ चं नोबेल मिळालेला तोच) यांनी यावर काम केलंय. एकाच जागेवर खेळणारे लागोपाठ निवडलेले दोन खेळाडू घ्या. आधी निवडलेला जास्त चांगला ठरण्याची शक्यता साधारण ५२ टक्के. नाणं उडवा आणि वर दोन टक्के दक्षिणा.

नाना_न्यूजर्सीकर

बावन्न टक्के!!! तात्या, नोबेलवाला आमच्या पार्टीत आहे. धागा बंद करा.

टचडाउन_तात्या

नाना, नीट वाचा. लागोपाठचे दोन. बारावीला ९१ टक्केवाला आणि ९०.८ वाला यांच्यात कोण पुढे जाईल याचंही नाणंच उडवावं लागतं, म्हणून ९१ आणि ४० मध्येही नाणं उडवता का? पहिला आणि दहावा रिसीव्हर यांच्यात ५२ टक्के नसतं.

आणि त्या दोघांचा निष्कर्ष स्काउट काढून टाका असा नाहीच. त्यांचं म्हणणं, संघांना स्वतःच्या अंदाजाचा माज असतो, म्हणून ड्राफ्टच्या क्रमात वर चढण्यासाठी ते अव्वाच्या सव्वा किंमत मोजतात. त्यापेक्षा खाली उतरा आणि जास्त पिक घ्या. २०२३ ला पँथर्सनी पहिल्या पिकसाठी बेअर्सना काय दिलं आठवतं? डी. जे. मूर, वर पिकची रास, ज्यातून पुढच्या वर्षी बेअर्सना केलब विल्यम्स मिळाला. घेतला कोण, ब्राइस यंग. आणि सी. जे. स्ट्राउड दोन नंबरला. स्ट्राउडच्या तर एस-टू चाचणीचे वाईट गुण ड्राफ्टच्या तोंडावर फुटले होते, डोकं हळू चालतं म्हणे. त्या वर्षीचा सर्वोत्तम आक्रमक नवोदित तोच झाला. आमच्या ओहायो स्टेटचा पोरगा! जॉर्जियाविरुद्धचा तो हरलेला सेमीफायनल ज्याने पाहिला त्याला त्या चाचणीची गरजच नव्हती.

इंडीकर

हं, आता कळलं. ओहायो स्टेटची जखम दुखतेय, म्हणून हा धागा.

मी इंडियानापोलिसला राहतो. दर वर्षी फेब्रुवारी संपता संपता इथे कंबाइनची जत्रा भरते. एक सांगतो, उड्या आणि धावणं तुमच्या-आमच्या टीव्हीसाठी. संघांना मुख्य रस दोन गोष्टींत, डॉक्टरी तपासणी आणि बंद खोलीतल्या मुलाखती. कंबाइन सुरूच झालं ते तीनशे पोरांची तपासणी एका ठिकाणी उरकावी म्हणून. त्यामुळे «मोजता येतं तेच बघतात» हे तात्यांचं म्हणणं निम्मं टीव्हीवरून आलेलं आहे.

आमच्या इंडियानापोलिस कोल्ट्सनी घेतलेल्या रिचर्डसनबद्दल मात्र काही बोलणार नाही. साडेचाळीस इंचांची उडी मारतो. उडी छान आहे.

शिवाजीपार्क_ते_शिकागो

अवांतर होईल, पण राहवत नाही. हा उड्यांचा रोग आपल्याकडेही आलाय की. २०१७ पासून यो-यो टेस्ट. २०१८ ला रायुडू आयपीएल गाजवून इंग्लंड दौऱ्याच्या संघात आला आणि यो-योत नापास म्हणून घरी. सर्फराज रणजीत धावांचे डोंगर रचत होता तेव्हा लोक त्याचं पोट मोजत होते. शेवटी २०२४ ला घेतला, तर बंगळुरूला न्यूझीलंडविरुद्ध १५० मारले. मैदानावर शंभर वेळा दिसलेलं ज्यांना दिसत नाही, त्यांना चाळीस यार्डांत काय दिसणार?

टचडाउन_तात्या

+१. अगदी हेच म्हणतोय.

नाना_न्यूजर्सीकर

काय हेच म्हणताय? त्या १५० नंतर पुढच्या डावांत काय केलं तेही सांगा. आणि फिटनेस नको तर मग काय, स्लिपमध्ये पाट मांडून बसवायचं का सगळ्यांना?

शिवाजीपार्क_ते_शिकागो

नाना, पोटावर बोलायचं नसेल तर सडपातळ माणसाचं सांगतो. अमोल मुझुमदार. रणजी पदार्पणात २६०. कारकिर्दीत ११,१६७ धावा. भारताची कॅप नाही. पद्माकर शिवलकर, ५८९ बळी, एकही कसोटी नाही. माझे वडील कांगा लीग खेळायचे. पावसात भिजलेल्या खेळपट्टीवर शिवलकरांसमोर उभं राहणं म्हणजे काय ते सांगताना म्हातारपणीही त्यांचे हात बॅट धरल्यासारखे व्हायचे. हे टेपवर नव्हतं? पंचवीस वर्षं डोळ्यांसमोर होतं!

नाना_न्यूजर्सीकर

बेदीला बसवायचा होता का? आणि मुझुमदारला घ्यायला द्रविड, सचिन, गांगुली, लक्ष्मण यांतला कोण काढायचा? मुंबईकरांचं हेच. आमच्या नाक्यावरचा राहिला म्हणून निवड समिती चोर.

शिवाजीपार्क_ते_शिकागो

«नाक्यावरचा»? ११,१६७ धावा नाक्यावर होतात? आणि १९९४ साली लक्ष्मण होता कुठे संघात? मुझुमदारला एक कसोटी, एकसुद्धा, द्यायला काय जात होतं? २०२५ ला त्याच माणसाने प्रशिक्षक म्हणून महिला संघाला विश्वचषक जिंकून दिला. क्रिकेट कळत नसेल तर जेट्सचे सामने बघा, तिथे काहीच कळावं लागत नाही.

क्लीव्हलंडची_वहिनी

मी पॉपकॉर्न आणते.

इंडीकर

अहो शिवलकरांचा आणि क्वार्टरबॅकचा संबंध काय? कुणीतरी आवरा.

टचडाउन_तात्या

संबंध आहे, उलट्या बाजूने. मुझुमदारसाठी दार एकच, निवड समितीचं. इथे दारं बत्तीस आहेत. एकतीस संघांनी क्वार्टरबॅक लमार जॅक्सनकडे बघून «रिसीव्हर हो बाबा» म्हटलं तरी बत्तिसावा उरतो. तोही कसा, तर रेव्हन्सनी त्याच रात्री आधी एक टाइट एंड (दुसऱ्याच जागेचा खेळाडू) घेतला आणि मग लमार. पण घेतला! दोनदा एमव्हीपी. आणि बत्तीसही दारं बंद झाली तरी वॉर्नरसारखा दुकानात माल लावणारा माणूस मागच्या दाराने येऊन १९९९ ला एमव्हीपी होतो. ड्राफ्ट चुकतो, पण त्याला चूक दुरुस्त करायची सोय आहे. शिवलकरांना ती नव्हती.

एक_डेटावाला

म्हणजे मूल्यमापन वाईट असलं तरी चालतं, कारण खरेदीदार बत्तीस आहेत. तात्या, हा तुमच्या मूळ लेखाच्या विरुद्ध युक्तिवाद झाला.

टचडाउन_तात्या

विरुद्ध नाही. पुढचा भाग आहे.

फ्रिस्कोची_आई

तुम्ही सगळे टीव्हीसमोर बसून बोलताय. माझा मुलगा टेक्सासात हायस्कूलला खेळतो. सेफ्टी, म्हणजे बचावात सगळ्यांच्या मागे. पैसे भरून एका शिबिराला नेलं, तिथे उंची, वजन, पंजा, हाताची लांबी मोजली, चाळीस यार्ड पळवलं आणि दुपारी एकला «पुढच्या वर्षी या» म्हणून सांगितलं. एकही खेळी खेळवली नाही. तो स्नॅपच्या (खेळी सुरू होण्याच्या) आधी सगळ्यांना हात करून जागा बदलायला लावतो, ते बघायला कुणी नव्हतंच. या अशाच आकड्यांवरून पोरांना दर्जाचे तारे चिकटतात, ताऱ्यांवरून कॉलेज, कॉलेजवरून ड्राफ्ट. तुमचा ड्राफ्ट पंधराव्या वर्षीच सुरू होतो हो.

नाना_न्यूजर्सीकर

ताई, वाईट वाटलं वाचून. पण सगळ्याच आयांना आपला मुलगा रोनी लॉट (महान सेफ्टी) वाटतो.

फ्रिस्कोची_आई

आणि जेट्सवाल्यांना झॅक विल्सन क्वार्टरबॅक वाटला होता. प्रो-डेला (कॉलेजातल्या चाचणीला) एक लांब फेक बघून. समोर बचाव करणारं कुणी नसताना.

क्लीव्हलंडची_वहिनी

फ्रिस्को, लग्न न झालेला भाऊ आहे का तुम्हाला? नणंद म्हणून हव्या होतात.

नाना_न्यूजर्सीकर

ठीक. सगळे तुटून पडलात म्हणून एवढंच देतो: चिठ्ठ्या मागे घेतो. वरच्या दहांत स्काउटांना थोडंफार कळतं असं समजू. १९९८ ला कोल्ट्सनी क्वार्टरबॅक मॅनिंगला पहिला घेतला ते बरोबरच होतं. पण तेव्हाही मॅनिंग की रायन लीफ यावर महिनोन्‌महिने घोळ चालला होता आणि निम्मे विद्वान लीफच्या बाजूने होते, हे सोयीस्कर विसरू नका. कोल्ट्स दुसरीकडे वळले असते तर आज तात्यांनी त्यांच्यावर धागा काढला असता.

इंडीकर

आणि मी या गावात राहिलो नसतो.

टचडाउन_तात्या

«थोडंफार कळतं» हे नानांकडून आलं म्हणजे दिवाळीच. आता कॅम न्यूटनचं उत्तर द्यायचं राहिलं होतं. एका मोसमातही त्याने हायझमन (कॉलेजच्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार) आणि राष्ट्रीय अजिंक्यपद दोन्ही मिळवलं, चौदाच्या चौदा सामने जिंकून. ट्रुबिस्कीने तेरांत काय मिळवलं ते बघा. नुसती संख्या मीच पुढे केली, तेव्हा तेवढ्यापुरतं नानांचं बरोबर. एकदाच.

शिवाजीपार्क_ते_शिकागो

ते सगळं राहू द्या. १९९४ ला लक्ष्मण संघात नव्हता, यावर नानांचं उत्तर अजून आलेलं नाही.