महाबळेश्वरचं दहिवर क्लायमेट मॉडेलला का दिसत नाही?

मेघा_घाटमाथा:
आमची स्ट्रॉबेरी वेण्णा तलावाच्या अंगाला, खोलगट रानात आहे. थंडीत एखाद्या पहाटे मल्चिंगच्या कागदावर दव गोठून पांढरं दहिवर होतं आणि दोन दिवसांत फुलांचे मधले गोंडे काळे पडतात. पुढच्या काळात अशा पहाटा वाढणार की घटणार, हे बघायला कॉर्डेक्स दक्षिण आशियाचा, म्हणजे आपल्या भागासाठी चालवलेल्या क्लायमेट मॉडेलांचा, २५ किलोमीटरच्या चौकोनांचा डेटा उतरवला. डिसेंबर-जानेवारीचं किमान तापमान गोठण्याच्या आसपासही येत नाही. मी चुकीचा चौकोन घेतला का?

सह्यकडा:
मेघाताई, चौकोन बरोबरच असेल, पण त्यात तुमचं रान मावतच नाही. महाबळेश्वर साधारण १,३५० मीटरवर, पूर्वेला वाई ७०० च्या आसपास, आणि पश्चिमेला वीसेक किलोमीटरवर पोलादपूर, म्हणजे थेट कोकणाचा तळ. मॉडेल या सगळ्याची मिळून एकच उंची धरतं. डेटासोबत ‘ओरोग’ नावाची उंचीची फाइल मिळते, ती आधी उघडा. तिथे समजा ७०० मीटर निघाले, तर दर किलोमीटर उंचीला ६.५ अंश गार या हिशेबाने सुमारे चार अंशांचा फरक तिथेच पडला.

दुपारच्या तापमानाला ही दुरुस्ती बऱ्यापैकी लागू पडते. पहाटेच्या नाही. आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असला की जमीन झपाट्याने निवते, तिला लागलेली हवा जड होऊन उतारावरून खाली सरकते आणि खोलगटात साचते. मग खालचं रान वरच्या टेकाडापेक्षा गार. उंचीचा हिशेब अशा रात्री उलटा होतो.

जावळीकर:
अगदी खरं. बाजारपेठेत साध्या स्वेटरवर भागतं आणि त्याच पहाटे वेण्णा-लिंगमळा पट्ट्यात जीपच्या टपावर हिमकण असतात. आमच्याकडे चढावरच्या वाफ्यांना काही होत नाही, ओढ्याकाठचे मात्र करपतात.

मेघा_घाटमाथा:
मग ३ किलोमीटरच्या चौकोनांचं मॉडेल मिळालं तर सुटेल का हे?

सह्यकडा:
थोडं सुटेल. आल्प्समध्ये ३ किलोमीटरच्या आसपासची मॉडेलं चालवली गेली आहेत, तिथे मोठ्या दऱ्या आणि शिखरं वेगळी दिसू लागतात. पण तुमची खोलगट जागा काहीशे मीटरची. शिवाय गणित कोसळू नये म्हणून मॉडेलात डोंगर घासून गुळगुळीत केलेले असतात. शांत रात्री हवेचं मिसळणंही बरीच मॉडेलं जास्त धरतात, त्यामुळे वरची ऊब खाली येते आणि पहाट खोटीच उबदार निघते. नुसते चौकोन बारीक करून हे जात नाही.

सगळ्या डोंगरांत चूक एकाच दिशेची असते असंही नाही. हिमालयात बरीच मॉडेलं उलट जास्त गार निघतात. काही दोष बर्फाच्या हिशेबाचा, काही आपल्या मोजणीचा, कारण तिथली बहुतेक केंद्रं दऱ्यांत आहेत आणि उंचावर फार थोडी.

आणखी एक. वेधशाळेचा तापमापक जमिनीपासून सव्वा मीटरवर, पांढऱ्या पेटीत असतो. त्यात तीन-चार अंश दिसत असतानाही गवतावर दव गोठू शकतं. मॉडेलचा आकडाही दोन मीटर उंचीचा. तुमचं फूल वीतभर उंचीवर!

मेघा_घाटमाथा:
म्हणजे हा डेटा टाकून द्यायचा?

सह्यकडा:
मुळीच नाही. त्यातला थेट आकडा घेऊ नका, बदल घ्या: किमान तापमान किती चढतंय, निरभ्र आणि बिनवाऱ्याच्या रात्री किती राहतात. जोडीला या हंगामात दोन लॉगर (आपोआप तापमान नोंदवणारी छोटी यंत्रं) लावा, एक खोलगटात, एक चढावर, दोन्ही पांढऱ्या हवेशीर आडोशात आणि एकाच उंचीवर. तिसरा वाफ्यात, फुलाच्या उंचीला. शांत रात्रींचा फरक वेगळा काढा, ढगाळ आणि वाऱ्याच्या रात्रींचा वेगळा. दोन्हींची मिळून सरासरी काढलीत तर जी रात्र तुमचं पीक जाळते तीच पुसली जाईल. नोंदी आल्या की इथे टाका, मॉडेलच्या दिवसवार डेटाशी जुळवायला मी बसतो.

जावळीकर:
ताई, एक लॉगर आमच्या ओढ्याकाठी लावा. जागा देतो, रोज बघायलाही जाईन.