'तज्ज्ञांच्या मते': नेमके किती तज्ज्ञ, आणि ते मत की निष्कर्ष?

वेलांटी:
बातमीत विद्यापीठातल्या प्राध्यापकांचे म्हणणे येते तेव्हा त्यांना कधी तज्ज्ञ, कधी अभ्यासक, कधी जाणकार, विश्लेषक किंवा संशोधक म्हटलेले असते. त्यांच्या म्हणण्यालाही मत, भाष्य, टिप्पणी, प्रतिक्रिया, दावा असे शब्द आलटूनपालटून लागतात. हे शब्द खरेच एकमेकांच्या जागी चालतात का? आणि दुसरा प्रश्न. मथळ्यात 'तज्ज्ञांच्या मते' असते, पण खाली वाचत गेले की नाव एकच सापडते. यात भाषेची चूक आहे की बातमीची?

दगडीपाटी:
आधी लेखन. शब्द 'तज्ज्ञ' असा आहे, 'तज्ञ' नव्हे. तत् + ज्ञ. सत् + जन याचे जसे सज्जन होते तसाच इथे त् चा ज् झाला. ज्ञ मध्ये मुळात एक ज् आहेच, म्हणून दोन. बोलताना दोन्ही ज् वेगळे ऐकू येत नाहीत, म्हणून लिहिताना एक गळतो. महत्त्व आणि तत्त्व यांतला एक त् गळतो त्याच कारणाने.

व्युत्पत्तीचा व्यवहारातला उपयोग असा की 'तत्' हे सर्वनाम आहे. तज्ज्ञ म्हणजे 'ते' जाणणारा. ते म्हणजे काय, हे सांगितल्याशिवाय शब्द पुरा होत नाही. म्हणून नुसते 'तज्ज्ञ' लिहू नये, विषाणुतज्ज्ञ, भूकंपतज्ज्ञ, करतज्ज्ञ लिहावे. तेवढ्यानेही भागत नाही अशा जागा आहेत. मराठीत आजउद्याच्या पावसालाही हवामान म्हणतात आणि तीस-तीस वर्षांच्या सरासरीतल्या फरकालाही हवामान बदल म्हणतात. त्यामुळे 'हवामानतज्ज्ञ' या एका शब्दात दोन वेगळ्या विद्या येतात. हिंदी महासागराच्या दीर्घकालीन तापमानवाढीवर काम करणाऱ्या प्राध्यापकांना 'उद्या मुंबईत किती पाऊस?' असे विचारले जाते, ते या शब्दामुळेच. अशा वेळी 'मान्सूनच्या दीर्घकालीन बदलांचे अभ्यासक' असे लांबट लिहिलेलेच बरे.

बाकीचे शब्द असे वापरावेत. 'संशोधक' म्हणजे ज्यांनी त्या प्रश्नावर स्वतः संशोधन करून ते प्रसिद्ध केले आहे ते. 'अभ्यासक' म्हणजे विषयाचे वाचन आणि चिंतन सातत्याने करणारी व्यक्ती. पदवी किंवा नोकरी त्याच क्षेत्रातली असण्याची अट नाही. 'विश्लेषक' हा शब्द निवडणूक, बाजार, परराष्ट्र धोरण इथे शोभतो, रोगांच्या बातमीत नाही. 'जाणकार' मध्ये अनुभवाचा वास आहे. कांद्याच्या भावाबद्दल लासलगावचे जाणकार सांगतील ते मोलाचे असते, पण प्रयोगशाळेतल्या निष्कर्षाबद्दल 'जाणकारांच्या मते' लिहिले की नाव लपवल्यासारखे वाटते.

रानजाई:
एक पुरवणी. लेखकचे लेखिका होते, पण अभ्यासकचे अभ्यासिका होत नाही, कारण अभ्यासिका म्हणजे विद्यार्थ्यांनी बसून वाचण्याची खोली हा अर्थ पक्का झाला आहे. म्हणून 'त्या मराठी नाटकाच्या अभ्यासक आहेत' हेच बरोबर. तज्ज्ञ दोन्ही लिंगी चालतो. प्राध्यापिका रूढ आहे, पण 'प्रा.' हे संक्षेपरूप दोघांनाही लागते आणि पदनाम म्हणून 'प्राध्यापक' लिहिण्याकडे कल वाढतो आहे. दोन्हींपैकी एक ठरवावे. एकाच बातमीत 'प्राध्यापक' पुरुषांना आणि 'प्राध्यापिका' बाईंना असे झाले की पदे वेगळी असल्याचा भास होतो.

कोरांटी:
'किती तज्ज्ञ' या प्रश्नाचे मूळ आदरार्थी अनेकवचनात आहे. 'भूशास्त्राच्या प्राध्यापकांनी या निष्कर्षावर शंका घेतली.' हे प्राध्यापक एक की दहा? क्रियापदाकडून मदत मिळत नाही, कारण 'घेतली' हे शंकेशी जुळते, प्राध्यापकांशी नाही. 'प्राध्यापक म्हणाले' मध्येही एकासाठी आदराने आणि अनेकांसाठी नियमाने रूप तेच. एकवचन करून 'तज्ज्ञाच्या मते' किंवा 'प्राध्यापकाने सांगितले' लिहिले तर कानाला उर्मट लागते. मग संपादक आदर राखतो आणि संख्या हरवते. वाचकाला वाटते, सगळे भूशास्त्रज्ञ एका बाजूला उभे आहेत.

यावर मराठी बोलण्यातच तोड आहे. आपण 'एका गृहस्थांनी विचारले', 'एका बाईंनी सांगितले' असे सहज म्हणतो. त्याच चालीवर 'भूशास्त्राच्या एका प्राध्यापकांनी शंका घेतली' लिहावे. आदरही राहतो, संख्याही. पहिल्या उल्लेखात नाव, विषय आणि संस्था आली तर प्रश्नच मिटतो. दोघे असतील तर 'दोन प्राध्यापकांनी'. 'बहुतेक शास्त्रज्ञ मानतात' हे वाक्य मात्र एका माणसाला फोन करून लिहिता येत नाही. त्याला अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा, किंवा त्या विषयाच्या शास्त्रज्ञ-संस्थेचे निवेदन हवे.

मथळ्यात हा घोटाळा अधिक होतो. 'प्राध्यापकांचा आक्षेप' असे वाचले की महाराष्ट्रात पहिल्यांदा संघटनाच आठवते, कारण २०१३च्या परीक्षाकामावरील बहिष्कारासारख्या बातम्यांतून 'प्राध्यापकांचा' हे रूप तसे मनात बसले आहे. मथळ्यात नाव बसत नसेल तर विषय घालावा: 'लसीच्या आकडेवारीवर साथरोगतज्ज्ञांचा आक्षेप' आणि लगेच पहिल्या ओळीत नाव.

वेलांटी:
'एका प्राध्यापकांनी' ही तोड पटली. आता म्हणण्याच्या शब्दांकडे वळू या. भाष्य आणि टिप्पणी यांत फरक मानावा का?

दगडीपाटी:
मानावाच. भाष्य म्हणजे मूळ वचन समोर ठेवून त्याचा पदापदाने उलगडा. पाणिनीच्या सूत्रांवर पतंजलीचे महाभाष्य आहे, ते सूत्रांशिवाय उभे राहत नाही. म्हणून प्राध्यापकांनी मूळ शोधनिबंध वाचून त्याची पद्धत, आकडे, मर्यादा समजावल्या असतील तरच ते भाष्य. बातमीदाराने फोनवर दोन ओळी सांगितल्या आणि त्यावर ते बोलले, तर ती प्रतिक्रिया. टिप्पणी म्हणजे छोटी टीप, समासातली नोंद. 'टिप्पणी केली' मध्ये हल्ली टोमण्याची छटा येऊ लागली आहे, ती हिंदी बातम्यांतून आली असावी. प्राध्यापकांच्या म्हणण्याला मी तरी तो शब्द लावणार नाही.

अनुस्वार:
नामापेक्षा क्रियापदे अधिक नुकसान करतात. 'सांगितले' आणि 'म्हणाले' तटस्थ आहेत. 'स्पष्ट केले' म्हटले की म्हणणे खरेच आहे असे बातमीदाराने मान्य केले. 'दावा केला' म्हटले की त्याने शंका घेतली. 'कबूल केले' मध्ये आरोप गृहीत आहे. आणि 'इशारा दिला' हे सर्वांत जास्त ताणले जाते. मूळ वाक्य 'अमुक झाले तर तमुक संभवते' असे असते, त्यातले 'झाले तर' गळून इशारा उरतो.

शक्यतेच्या शब्दांत तर फारच गोंधळ आहे. 'हे औषध झटका टाळू शकते' यात औषधाच्या अंगी ती क्षमता आहे असेही निघते आणि तसे होईल की नाही माहीत नाही असेही. 'शकणे' या क्रियापदाला दोन्ही अर्थ आहेत. प्राध्यापकांना दुसरा अर्थ हवा असेल तर 'कदाचित टाळेल, पण पुरावा अपुरा आहे' असे फोडून लिहावे. 'शक्यता नाकारता येत नाही' हे तर शास्त्रज्ञाच्या तोंडी सर्वांत दुबळे विधान आहे, आणि मराठी वाचक ते सर्वांत सूचक समजतो. राजकीय बातम्यांनी त्याला तशी सवय लावली आहे.

सर्वांत बोलके उदाहरण आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या वर्गवारीचे. ही जागतिक आरोग्य संघटनेची संस्था पदार्थांचे गट करते. गट १ म्हणजे कर्करोगकारक. २अ ला इंग्रजीत 'प्रॉबेब्ली' लावतात, २ब ला 'पॉसिब्ली'. मराठी बातम्यांत दोघांनाही 'संभाव्य कर्करोगकारक' म्हटले जाते, आणि ज्या फरकासाठी दोन गट केले तोच पुसला जातो. २अ ला 'बहुधा कर्करोगकारक' आणि २ब ला 'कदाचित कर्करोगकारक' असे लिहावे. बहुधा आणि कदाचित यांतला चढउतार प्रत्येक मराठी माणसाला कळतो. त्यासाठी परिभाषा कोश उघडावा लागत नाही.

इथेच धोका आणि जोखीम वेगळे ठेवावे लागतात. हे गट पुरावा किती पक्का आहे ते सांगतात, अपाय किती मोठा ते सांगत नाहीत. २०१५ मध्ये प्रक्रिया केलेले मांस गट १ मध्ये आले. तंबाखूही गट १ मध्येच आहे. त्यावरून 'सॉसेज तंबाखूइतकेच घातक' असे मथळे झाले, ते चूक. अपायाचा आकडा वेगळा दिला होता: रोज ५० ग्रॅम खाल्ल्यास मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची जोखीम सुमारे १८ टक्क्यांनी वाढते. पदार्थाच्या अंगी अपाय करण्याचा गुण आहे, हा धोका. किती खाल्ल्यावर किती जणांना अपाय होईल, ही जोखीम. २०२३ मध्ये अॅस्पार्टेम (साखरेऐवजी वापरतात तो कृत्रिम गोड पदार्थ) २ब मध्ये आले तेव्हाही हेच झाले. त्याच वेळी दुसऱ्या तज्ज्ञ समितीने रोजची चालण्यासारखी मर्यादा, शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे ४० मिलिग्रॅम, तशीच कायम ठेवली होती. प्राध्यापक दोन्ही गोष्टी सांगतात. धोका हा शब्द दोन्हींना वापरला की दुसरी गोष्ट ऐकूच येत नाही.

आणि '१८ टक्क्यांनी' लिहिताना कशाच्या, ते विचारून घ्यावे. समजा एखादा रोग दहा हजारांत दोघांना होतो आणि तो तिघांना होऊ लागला. 'जोखीम ५० टक्क्यांनी वाढली' हे खरे. 'दहा हजारांत एक रुग्ण वाढला' हेही खरे. दोन्ही छापावे.

कोरांटी:
याच माळेतला 'लक्षणीय', इंग्रजी 'सिग्निफिकंट' साठी लिहिला जाणारा. संख्याशास्त्रात 'सार्थ फरक' म्हणजे निव्वळ योगायोगाने इतका फरक दिसणे अवघड आहे, एवढेच. बहुतेकदा सार्थकतेची पातळी ०.०५, म्हणजे शंभरात पाच, धरलेली असते. तो फरक फार लहान असू शकतो. 'लक्षणीय घट' लिहिले की वाचकाला डोळ्यात भरणारी घट वाटते. प्राध्यापकांनी संख्याशास्त्राच्या अर्थाने शब्द वापरला असेल तर 'सार्थ' ठेवावा आणि घट किती ते आकड्यात द्यावे.

भूकंपाच्या बातमीत 'तीव्रता' असाच फसवतो. एका भूकंपाचे परिमाण, म्हणजे उगमाशी तो किती मोठा होता त्याचे माप, एकच असते; तीव्रता, म्हणजे त्या जागी जाणवलेला हादरा, गावागणिक वेगळी. १९९३च्या किल्लारीच्या भूकंपाचे परिमाण सुमारे ६.२; पण किल्लारीत घरे भुईसपाट झाली आणि दूरच्या शहरांत नुसती भांडी हलली, ती तीव्रता. परिमाण एकाने वाढले की ऊर्जा सुमारे ३२ पट होते. शिवाय 'रिश्टर स्केल' ही १९३५ची मोजपट्टी. मोठ्या भूकंपांसाठी आज वेगळी वापरतात, म्हणून 'रिश्टर स्केलवर' हे शब्द गाळले तरी काही बिघडत नाही.

वेलांटी:
परदेशी विद्यापीठांच्या बातम्या भाषांतरित करताना पदनामे अडतात. त्यांचे काय?

रानजाई:
यंत्राने केलेले भाषांतर तपासताना हे शब्द आधी पाहावेत. ब्रिटिश विद्यापीठातला 'रीडर' म्हणजे वाचक नव्हे, प्राध्यापकाच्या खालोखालचा प्रपाठक. 'सीनियर लेक्चरर' ला ज्येष्ठ व्याख्याता म्हटले की वसंत व्याख्यानमालेतले वक्ते डोळ्यांपुढे येतात. 'ज्येष्ठ अध्यापक' ठीक. 'चेअर' भूषवणारे अध्यक्ष नसतात, त्यांच्याकडे अध्यासन असते, जसे पुणे विद्यापीठात संत नामदेव अध्यासन आहे. 'फॅकल्टी' कधी विद्याशाखा असते, कधी अध्यापकवर्ग. वाक्य पाहून ठरवावे. आपल्याकडे सहायक, सहयोगी आणि पूर्ण प्राध्यापक या तिघांनाही बोलण्यात 'प्रा.' लागते, पण ब्रिटनमध्ये परंपरेने 'प्रोफेसर' फक्त वरच्या पदाला म्हणतात, हे लक्षात ठेवावे.

हिंदीतून बातमी आली तर 'कुलपति' तपासा. हिंदीत तो विद्यापीठ चालवणारा. मराठीत त्याला कुलगुरू म्हणतात. महाराष्ट्रातल्या राज्य विद्यापीठांचे कुलपती राज्यपाल असतात. शब्द तसाच उचलला तर कुलगुरूंचे विधान राज्यपालांच्या नावावर जाते. मध्य प्रदेशाने २०२४ मध्ये कुलगुरू हेच पदनाम घेतले, पण इतर हिंदी राज्यांच्या आणि जुन्या बातम्यांत घोळ राहणारच.

अनुस्वार:
भाषांतरातल्या आणखी तीन जागा, कारण तिन्हींत प्राध्यापकांवर अन्याय होतो.

'पीअर रिव्ह्यू' चे 'समवयस्कांचे पुनरावलोकन' होते. वयाचा काही संबंध नाही. 'त्याच विषयातील इतर संशोधकांनी तपासलेला निबंध' लिहावे. आणि मेडआर्काइव्हसारख्या वैद्यकीय मसुद्यांच्या ऑनलाइन साठ्यावर (तो २०१९ पासून आहे) ठेवलेला मसुदा 'प्रकाशित झाला' म्हणू नये. 'तपासणीपूर्वी खुला केलेला मसुदा' म्हणावे.

परदेशी बातमीत बाहेरच्या प्राध्यापकांचे मत घेतले की ते त्या अभ्यासात सहभागी नव्हते असे मुद्दाम लिहितात, म्हणजे त्यांचे मत स्वतंत्र आहे. मराठीत त्याचे 'ज्यांचा या अभ्यासाशी काही संबंध नाही अशा प्राध्यापकांनी' होते. वाचणाऱ्याला वाटते, संबंध नाही तर हे मध्ये का बोलतात? 'अभ्यासगटाबाहेरचे, याच विषयावर काम करणारे' असे लिहिले की हेतू पोहोचतो.

तिसरा शब्द हितसंबंध. लंडनचे सायन्स मीडिया सेंटर २००२ पासून बातमीदारांना शास्त्रज्ञांच्या प्रतिक्रिया पुरवते आणि त्यांखाली प्रत्येकाचे जाहीर हितसंबंधही देते. पण मराठीत 'हितसंबंध' शब्दाला 'जपणे' आणि 'गुंतणे' ही क्रियापदे चिकटलेली आहेत. तो उच्चारला की आरोप होतो. मग संकोचाने ती ओळच गाळली जाते, आणि तेही वाचकाचे नुकसानच. म्हणून नाम टाळून सरळ वाक्य करावे: 'त्यांच्या प्रयोगशाळेला या कंपनीकडून संशोधननिधी मिळतो, असे त्यांनी स्वतः कळवले आहे.' 'स्वतः कळवले' हे दोन शब्द गाळू नयेत.