शब्दचर्चा : देवमाशांच्या शिकारीवर ‘बंदी’ आहे की ‘स्थगिती’?

प्रश्न, फोंड्याहून :
उच्च माध्यमिकच्या मुलांसाठी सागरी कायद्यांवर मराठीत टिपणं काढते आहे. आंतरराष्ट्रीय व्हेलिंग आयोगाच्या १९८२च्या निर्णयाला सगळे ‘मोरॅटोरियम’ म्हणतात. वर्तमानपत्रांत त्याची सरसकट ‘बंदी’ होते. पण बंदी आहे तर नॉर्वे आणि जपान उघड उघड शिकार कशी करतात, असं मुलं विचारणारच. ‘स्थगिती’ लिहू का?

म्हापशाहून :
स्थगितीच लिहा. २०२०मध्ये रिझर्व्ह बँकेने कर्जदारांना मोरॅटोरियम दिला, तेव्हा आपण ‘हप्त्यांना स्थगिती’ म्हणत होतो. हप्ते माफ झाले नव्हते, पुढे ढकलले होते. बंदी म्हणजे कायमची.

बेतीहून :
बंदी कायमची असते हे काही पटत नाही. आमच्याकडे १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी असते. मालिमच्या जेटीवर ट्रॉलर एकमेकांना खेटून उभे असतात, खलाशी गावी गेलेले असतात आणि तरी जाळ्यांची डागडुजी चालूच असते, कारण १ ऑगस्टला निघायचं हे ठरलेलं. बंदीलाही तारीख असते. तेव्हा फरक मुदतीत शोधू नका.

पणजीहून :
बेतीकरांचं बरोबर आहे. फरक मुदतीचा नाही आणि तो मूळ मसुदा वाचला की लगेच कळतो. १९८२च्या त्या कलमात ‘मोरॅटोरियम’ हा शब्दच नाही! देवमाशांच्या शिकारीचा करार १९४६चा, वॉशिंग्टनला झालेला. त्याला एक परिशिष्ट आहे आणि कोणी काय, किती मारायचं ते त्यात ठरतं. १९८२ साली २५ विरुद्ध ७ मतांनी त्यात जी भर पडली ती इतकीच : १९८५-८६च्या हंगामापासून व्यावसायिक शिकारीची मर्यादा शून्य राहील आणि फार तर १९९०पर्यंत आयोग तिचा फेरविचार करील. म्हणजे कोट्याची पद्धत मोडलेली नाही, आकडा शून्यावर आणला आहे. गोव्यात हा फरक वेगळा समजावून सांगायला नको. २०१२ साली खाणी थांबल्या त्याला आपण ‘खाणबंदी’ म्हटलं. २०१४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वर्षाला २ कोटी टनांच्या आत उत्खनन करायला दिलं, त्याला ‘मर्यादा’ म्हटलं. मर्यादा कमी-जास्त करता येते आणि तोच वाद आयोगात इतकी वर्षं चालू आहे.

खरी बंदी त्याच परिशिष्टात दुसऱ्या ठिकाणी आहे. १९७९ साली हिंद महासागर अभयक्षेत्र जाहीर झालं. तिथे व्यावसायिक शिकारीला स्पष्ट शब्दांत मनाई आहे आणि अरबी समुद्र त्यात येतो. मिरामारच्या वाळूत उभं राहिलं की समोर दिसतं ते पाणी बंदीतलं. १९९४पासून अंटार्क्टिकाभोवतीचा दक्षिण महासागरही तसाच, बाकीच्या जगात शून्य मर्यादा. मुलांना हे जरूर सांगा.

नॉर्वेचं उत्तर ‘हरकत’ या शब्दात आहे. परिशिष्टातल्या बदलाला ९० दिवसांत हरकत नोंदवली की तो बदल त्या देशाला लागू होत नाही. आपल्याकडे म्युटेशनला (जमिनीच्या नोंदीतल्या फेरफाराला) हरकत आली तर मामलेदार सुनावणी घेतो, इथे मात्र हरकत नोंदवली की काम झालं. नॉर्वेने ती नोंदवली आणि १९९३पासून पुन्हा व्यावसायिक शिकार सुरू केली. म्हणून ‘आक्षेप’ लिहू नका, तो कोणीही नुसता बोलून दाखवतो. जपाननेही हरकत घेतली होती, अमेरिकेच्या दबावाने मागे घेतली आणि ‘संशोधनासाठी’ म्हणून शिकार चालू ठेवली. अंटार्क्टिक समुद्रातली ती शिकार ‘संशोधनासाठी’ ठरत नाही, असा निकाल आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २०१४मध्ये दिला. ३० जून २०१९ला जपान करारातूनच बाहेर पडला आणि दुसऱ्या दिवसापासून स्वतःच्या हद्दीत धंदा म्हणून शिकार करू लागला.

फोंड्याहून :
‘शून्य मर्यादा’ लिहिते आणि कंसात ‘प्रचलित नाव : स्थगिती’. आणखी एक. ‘व्हेल स्टॉक’ला ‘साठा’ चालेल?

वास्कोहून :
कृपा करून ‘साठा’ लिहू नका. साठा गोदामात असतो, जिवंत प्राण्यांचा साठा म्हणणं मला सहन होत नाही. ही नुसती भावना नाही, त्या नजरेने काय झालं ते नोंदलेलं आहे. अंटार्क्टिकचा कोटा सुरुवातीला प्राण्यांत मोजतच नसत. ‘निळा देवमासा एकक’ हे माप होतं : एक निळा म्हणजे दोन फिन, अडीच हंपबॅक किंवा सहा सेई (या देवमाशांच्याच इतर जाती). तेलाच्या हिशेबाने लावलेली किंमत ती. सगळ्या देशांचा मिळून १६,००० एककांचा एकच कोटा, त्यामुळे जो आधी मारील त्याचा माल. कंपन्या जास्त वेगाच्या बोटी घेत गेल्या आणि सर्वात मोठा प्राणी आधी मारत गेल्या. निळे जवळजवळ संपले तरी एककं भरतच होती. हे माप १९७२ साली सुटलं.

पुढच्याच वर्षी कॉलिन क्लार्क या कॅनडातल्या गणितज्ञाने यामागचा हिशेब मांडला. देवमाशांची संख्या वर्षाला जेमतेम काही टक्के वाढते. पैसा दुसरीकडे त्याहून जास्त वाढत असेल तर एकट्या मालकालासुद्धा सगळे मारून रक्कम बँकेत टाकणं फायद्याचं पडतं. ‘साठा’ ही त्या हिशेबवहीतली भाषा आहे.

शिवाय अर्थही बिघडतो. ‘स्टॉक’ म्हणजे वेगळा राहणारा, आपसांत वीण होणारा समूह. अरबी समुद्रातले हंपबॅक बाकीच्यांसारखे ध्रुवाकडे जात नाहीत, बारा महिने इथेच असतात. नोव्हेंबर १९६६मध्ये सोव्हिएत जहाजांनी ओमानपासून भारताच्या वायव्य किनाऱ्यापर्यंत त्यांच्यातले सुमारे २४० मारले आणि आयोगाला कळवलेही नाहीत. ओमानजवळच्या पाहणीत पुढे त्यांचा अंदाज शंभराच्या आत आला. हा साठा असता तर दुसऱ्या समुद्रातून भरून निघाला असता. ‘समूह’ लिहा, किंवा ‘विणीचा समूह’.