माझ्या कंडक्टरबाईच्या अंगात समर्थ आलेत

कसबापेठकरीण:
दोन वर्षं एक दीर्घकथा लिहितेय. नायिका शालन, पुण्यात स्वारगेट डेपोत पीएमपीएमएलच्या सिटी बसवर कंडक्टर. नोट हातात आली की ती देणाऱ्याच्या मनातलं तिला कळतं. शक्ती एवढीच. तीन प्रकरणं बरी उतरली. मग तापाने आठवडाभर अंथरुणात होते, तेव्हा नारायण धारपांच्या समर्थकथा पुन्हा वाचून काढल्या. (अघोरी शक्तींपासून लोकांना वाचवणारे, धीरगंभीर समर्थ हे त्यांतले नायक.) चौथ्या प्रकरणात शालन धीरगंभीर! "घाबरू नका, मी आहे." अहो, ही बाई "दारात लोंबकळू नका, पुढे सरका" म्हणून ओरडणारी! नवऱ्याने वाचून विचारलं, हिला भगवी शाल कधी देणार?
लिहिताना वाचन बंद ठेवता का तुम्ही?

रात्रपाळी:
पूर्ण बंद. फार तर पाककृती वाचतो. तरी मागच्या कथेत खुनी साबुदाणा भिजवत बसला होता.

जुना_मुद्रितशोधक:
ताई, बंद करू नका. सदाशिव पेठेत एका छापखान्यात मी तीस वर्षं मुद्रितं तपासली. उसनवारी सगळेच करतात, लपवताना पकडले जातात.

शेरलॉक होम्सचंच घ्या. एडगर ॲलन पोचा गुप्तहेर द्यूपाँ आला 1841 साली, होम्स 1887 साली. आणि पहिल्याच कादंबरीत हा पठ्ठ्या द्यूपाँला फडतूस ठरवून मोकळा! पण मित्राच्या मनात काय चाललंय ते न विचारता सांगायची द्यूपाँची युक्ती पुढे एका कथेत वॉटसनवर वापरतोच. मग होम्स वेगळा का वाटतो? कॉनन डॉयलला एडिंबरात डॉक्टरी शिकवायला जोसेफ बेल होते. रोगी समोर आला की त्याच्या चालीवरून, हातांवरून त्याचा धंदा ओळखायचे. साचा पुस्तकातला, नजर मास्तरांची.

तुमच्या शालनचे मास्तर कोण? कंडक्टर नोटा उभ्या दुमडून बोटांच्या बेचक्यांत धरतात, पाहिलंय ना? म्हणजे गर्दीच्या वेळी शालनच्या एका पंजात दहाबारा जणांची मनं एकदम! कुणाची फी भरायची राहिलीय, कुणी घरातून भांडून निघालाय. अशा बाईला धीरगंभीर बोलायला फुरसत कुठली? ती ओरडते ती त्यामुळेच, असं करून बघा. (समर्थांना तिकिटं फाडायची नव्हती.)

रात्रपाळी:
आणि क्यूआर कोडवाले? त्यांची नोटच नाही. ते तिला मुके.

जुना_मुद्रितशोधक:
शाब्बास! हे कुठल्याही पुस्तकात नाही.

कसबापेठकरीण:
काका, काल मुद्दाम स्वारगेट ते कात्रज जाऊन आले. बाईंच्या डाव्या हाताच्या बेचक्यांत नोटा, त्याच हातात तिकिटाचं मशीन, उजव्याने बटणं दाबत होत्या. एका मुलाने मोबाइल पुढे केला. पैसे जमा झाल्याचं दिसेपर्यंत त्या क्षणभर थांबल्या. चेहरा असा मोकळा झाला होता, की माझा स्टॉप आलेला मला कळलं नाही.

चौथं प्रकरण फाडलं. समर्थ उशाशीच आहेत. फक्त एक अडलंय: चिल्लर बेचक्यात राहत नाही, चामडी पिशवीत जाते. दिवसभराची सगळी नाणी तिथे एकमेकांवर. हिशोबाला ती पिशवी उलटी करताना शालनला काय ऐकू येत असेल?